ज्याअर्थी आणि त्याअर्थी

मराठी माध्यमात शिकलेल्या कुणालाही ‘शास्त्रीय कारणे द्या’ एवढं नुसतं म्हणून पाहा. वय कितीही असो, माणूस क्षणभर परीक्षेच्या बाकावर जाऊन बसतो. डोंगरावर डाळ लवकर शिजत नाही. हिमनग पाण्यावर तरंगतो. उन्हाळ्यात सुती कपडे वापरावेत. उत्तर चार ओळींचं, गाईडात तयार मिळणारं, आणि शेवटी ‘म्हणून’ लिहून प्रश्नच पुन्हा उतरवायचा. मीही असंच शिकले आणि नंतर कित्येक वर्षं असंच शिकवलं. त्यात खटकण्यासारखं काय आहे, हे माझ्या लक्षात यायला सहावी ते आठवीच्या वर्गात बराच काळ घालवावा लागला.

खटकण्यासारखं हे, की या प्रश्नात निष्कर्ष आधीच ठरलेला असतो. डाळ डोंगरावर उशिरा शिजते हे परीक्षकाने जाहीर करून टाकलेलं असतं आणि मुलाने त्याला फक्त कारण चिकटवायचं असतं. ‘खरंच उशिरा शिजते का? कुणी पाहिलं? किती उशिरा? आपल्याला ते कसं कळलं?’ असा प्रश्न पेपरात येत नाही. म्हणजे ज्या एका प्रश्नप्रकारात मुलाने युक्तिवाद करणं अपेक्षित आहे असं आपण समजतो, तिथे त्याला युक्तिवादाची गरजच पडत नाही.

हे पुस्तक त्या राहून गेलेल्या प्रश्नाबद्दल आहे. ‘तुला कसं कळलं?’ असं विचारल्यावर अकरा ते चौदा वर्षांच्या मुलाने पुराव्यावर बोट ठेवून उत्तर देणं, शेजारच्याने ते तपासणं, आणि गरज पडली तर पहिल्याने ते बदलणं, एवढंच आम्ही वर्गात करत होतो. त्यातून तयार झालेले पाठ पुढे दिले आहेत. पण ते वापरण्याआधी ‘कारण’ या शब्दाबद्दल थोडं बोलायला हवं, कारण माझ्या मते निम्मी अडचण तिथेच आहे.

ही दोन वाक्यं पाहा. ‘रस्ता ओला आहे, कारण रात्री पाऊस पडला.’ ‘रात्री पाऊस पडला, कारण रस्ता ओला आहे.’ मराठीत दोन्ही चालतात. पण पहिलं वाक्य रस्ता का ओला झाला ते सांगतं, आणि दुसरं पावसाबद्दल मला कसं कळलं ते सांगतं. रस्ता ओला झाल्यामुळे काही पाऊस पडत नाही. एकच ‘कारण’ दोन वेगळी कामं करतं. ‘शास्त्रीय कारणे द्या’ने आपल्याला त्यातलं पहिलं काम तेवढं शिकवलं, आणि दुसरं वर्गाबाहेर राहिलं.

एका जूनमध्ये सातवीच्या वर्गात मी ही दोन वाक्यं फळ्यावर लिहिली. दुसऱ्या वाक्यावर खिडकीजवळच्या एका मुलीने लगेच हरकत घेतली. “बाई, टँकर गळत गेला असेल.” गाव टँकरचं, त्यामुळे हरकत अगदी रास्त होती. वर्ग दोन बाजूंना वाटला गेला. टँकर असेल तर ओली रेघ रस्त्याच्या एकाच बाजूला हवी, असं एकाने काढलं. पाऊस असेल तर पत्रे ओले हवेत, असं दुसऱ्याने. एक मुलगा न विचारताच बाहेर पळाला आणि पन्हळीखाली मातीत थेंबांचे ताजे खड्डे पडलेत अशी बातमी घेऊन आला. “टँकर काय पत्र्यावर चढतो का?” एवढं म्हणून त्याने विषय संपवला.

पुढची सगळी पानं या दहा मिनिटांचाच विस्तार आहेत म्हटलं तरी चालेल. एक दावा आला, त्याला पुरावा आला, त्याच पुराव्यातून निघणारा दुसरा दावा आला, मग दोघांपैकी एकालाच लागू पडेल अशी खूण शोधली गेली. खुणेची कल्पना मुलांची होती. माझं काम फळा पुसायचं नाही, इतकंच.

या कामासाठी मराठीत एक तयार साचा आहे: ज्याअर्थी आणि त्याअर्थी. ज्याअर्थी पन्हळीखाली खड्डे आहेत, त्याअर्थी रात्री पाऊस पडला असावा. ‘कारण’सारखा यात घोळ नाही. ज्याअर्थीच्या पुढे येतो तो पुरावाच, त्याअर्थीच्या पुढे निष्कर्ष. दुर्दैवाने हा सुंदर जोडशब्द आता मुख्यतः सरकारी आदेशांत आणि नोटिशींत उरला आहे, त्यामुळे मुलं आधी हसतात. हसू द्यावं. आठवड्याभरात ती मधल्या सुट्टीत डबा कुणी उघडला याचा तपास ज्याअर्थी-त्याअर्थीत करू लागतात.

आणि ‘असावा’. याकडे माझं लक्ष फार उशिरा गेलं. पाऊस पडला आहे, पडला असणार, पडला असावा, पडला असेल. खात्री कशी पायरीपायरीने उतरते पाहा. दूध नासलेलं दिसलं की घरातली आजी ‘विरजणाचा हात लागला असणार’ म्हणते, आणि शेजारची गाडी दिसली नाही तर ‘बाहेर गेले असतील’ म्हणते. पुरावा किती भक्कम आहे हे ती क्रियापदातच सांगून टाकते. विज्ञानाच्या वहीत मात्र आपण ‘आहे’ आणि ‘असते’ यापलीकडे काही लिहू देत नाही. आमच्या वर्गात या चार रूपांचा एक तक्ता भिंतीवर होता, आणि निष्कर्ष लिहिताना त्यातलं कोणतं रूप आणि का, हे सांगावं लागे. ‘असणार’वरून ‘असावा’वर उतरणं ही हार समजली जाऊ नये यासाठी मला बरीच खटपट करावी लागली.

आता मेणबत्ती. हा प्रयोग पुस्तकात सर्वांत लांबला आहे आणि त्याबद्दल मी क्षमा मागणार नाही.

थाळीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वर उपडा पेला. मेणबत्ती विझते, पेल्यात पाणी चढतं. मी वर्षानुवर्षं सांगत आले की हवेत साधारण एक पंचमांश ऑक्सिजन असतो, तो जळून संपला, त्याची जागा पाण्याने घेतली, म्हणून पाणी पेल्याच्या एक पंचमांश उंचीपर्यंत चढतं. प्रयोगवहीत उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान अशा रकान्यांत ते सुबक बसे. पाणी कधी जास्त चढे, कधी कमी. मी म्हणे, पेला नीट बसला नसेल. एकदा एका गटाने एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या, निव्वळ मजा म्हणून. पाणी चांगलंच जास्त चढलं. “बाई, पेला तोच. मग ऑक्सिजन वाढला का?”

मला उत्तर देता आलं नाही. हे विचारणाऱ्या मुलीच्या प्रश्नातच युक्तिवाद पुरा होता: ज्याअर्थी पेला तोच आहे, त्याअर्थी हवा तेवढीच आहे, ऑक्सिजनही तेवढाच, मग पाणी केवळ ऑक्सिजन संपल्यामुळे चढत असतं, तर मेणबत्त्या कितीही असल्या तरी सारखंच चढायला हवं. ते चढलं नाही. म्हणजे माझी गोष्ट तरी चुकीची किंवा अपुरी तरी.

पुढचे तीन तास आम्ही फक्त बघत होतो. एवढ्या वर्षांत मी हा प्रयोग करून दाखवला होता, पण नीट पाहिला नव्हता. पेला खाली आणताना ज्योतीच्या उष्णतेने आतली हवा फुगते आणि काठाखालून बुडबुडे बाहेर पडतात. कान देऊन ऐकलं तर बुडबुड ऐकूसुद्धा येते. पाणी चढतं ते बरंचसं ज्योत विझल्यानंतर, झपकन. ऑक्सिजन संपल्यामुळे चढत असतं, तर ज्योत जळत असताना एकसारखं हळूहळू चढायला हवं होतं. मग वर्गातल्या सर्वांत शांत मुलाने सुचवलं की मेणबत्तीच काढून टाकू. पेला गरम पाण्याने विसळून गरम असतानाच थाळीत उपडा ठेवला. ज्योत नाही, जळणं नाही, आणि तरी पेला निवत गेला तसं पाणी आत चढू लागलं.

रसायनशास्त्राकडून थोडी मदत घेतली. मेण जळताना जेवढा ऑक्सिजन खर्च होतो, त्याच्या आकारमानाच्या साधारण दोन तृतीयांश इतका कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि तो पाण्यात काही क्षणात विरघळून जात नाही. शिवाय मेणबत्ती विझते तेव्हा पेल्यात ऑक्सिजन बराच शिल्लक असतो. तो पुरेसा नसतो म्हणून ज्योत टिकत नाही, इतकंच. मुख्य काम गरम हवा फुगण्याचं आणि निवताना आक्रसण्याचं. थोडा वाटा ऑक्सिजन खर्च होण्याचाही असावा. मुलांनी ‘असावा’ लिहिलं, मी ‘आहे’ करू दिलं नाही.

या प्रकरणात मुलांच्या हाती लागलेल्या ज्ञानापेक्षा मला एका गोष्टीने अस्वस्थ केलं. ज्या वर्षांत पाणी कमीजास्त चढत होतं, त्या वर्षांच्या प्रयोगवह्यांत प्रत्येक गटाचं निरीक्षण ‘सुमारे 1/5’ असंच होतं. मुलांनी पेला पाहिला, मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि आकडा दुरुस्त करून घेतला. अप्रामाणिकपणाचा ठपका मी त्यांच्यावर ठेवू शकत नाही. अनुमानाचा रकाना आधी भरला की निरीक्षणाचा रकाना त्याच्या हुकमात चालतो, आणि अनुमान मी आधीच फळ्यावर लिहून ठेवलेलं असे. बालभारतीच्या ‘सामान्य विज्ञान’मध्ये ‘करून पहा’ अशी हाक जागोजाग आहे आणि ती मनापासून मारलेली आहे. पण काय दिसेल ते बहुतेकदा लगेच खालीच छापलेलं असतं. मग मूल करून कशाला पाहील?

सावलीच्या पाठातही हेच घडलं, जरा गमतीने. ‘दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो’ हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. मैदानात सरळ काठी रोवून दर दहा मिनिटांनी सावली मोजायची आणि ती सर्वांत आखूड कधी होते ते सांगायचं. एका गटाने अर्थातच बारा लिहिलं. त्यांची पट्टीवरची मापं मात्र साडेबारापर्यंत कमीच होत होती. दुसऱ्या गटाला साडेबारा ते पावणेएकपर्यंत सावली बदललेलीच दिसेना, कारण मध्यान्हीच्या आसपास ती फार थोडी हलते. मग त्यांनी उलटा मार्ग काढला. अकरा वीसला सावली जेवढी होती तेवढीच ती पुन्हा केव्हा झाली ते पाहिलं: एक पन्नासला. दोन वेळांचा मध्य बारा पस्तीस.

पुण्याच्या रेखांशावर हेच येणार. आपली घड्याळं 82.5 अंश पूर्व रेखांशावर लावलेली, पुणे सुमारे 73.9 अंशांवर, आणि पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. वर्षभरात त्यात पाव तासापर्यंत मागेपुढे होतं. नागपुरात हा फरक जेमतेम पंधरा मिनिटांचा पडतो. सूर्य अगदी डोक्यावर तर महाराष्ट्रात वर्षातून दोनच दिवस येतो, एकदा मेच्या आसपास आणि दुसऱ्यांदा जुलै-ऑगस्टमध्ये, ढगांच्या वर. म्हणजे त्या घासून गुळगुळीत झालेल्या वाक्यातले ‘बारा’ही चुकीचे आणि ‘डोक्यावर’ही. तरी ते वाक्य खोडायला मुलं धजत नव्हती. घड्याळ चुकलं असेल, काठी वाकडी असेल, उन्हात डोळे दिपले असतील, असं सगळं सुचलं. यातल्या प्रत्येक शंकेचा तपास करायला लावला, कारण काठी खरोखरच वाकडी असू शकते. दोरीला दगड बांधून ओळंबा केला. काठी सरळ निघाली.

अशा तर्काची आपल्याकडची जुनी बैठक सांगायची तर न्यायशास्त्राची पाच अवयवांची मांडणी आठवावी: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. पर्वतावर अग्नी आहे, कारण धूर दिसतो, आणि धूर असतो तिथे अग्नी असतो, जसा स्वयंपाकघरात. ही मांडणी मुलांना चटकन कळते. मला त्याहून आवडतो तो नैयायिकांनी तिच्यात दाखवलेला खाचखळगा. उलट बाजूने, अग्नी आहे तिथे धूर असतोच असं म्हणता येत नाही. लाल तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला ओलं सरपण लागतं. चुलीशी बसलेल्या आजीला हे सांगावं लागत नाही. नैयायिकांनी वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे प्रकारही वेगळे केले होते. खरं काय ते काढण्यासाठी केलेला तो वाद, जिंकण्यासाठीचा जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं पाडायचं ती वितंडा. आठवीच्या मुलांना वितंडेचं उदाहरण द्यावं लागत नाही.

पश्चिमेत 1958 साली स्टीफन टूलमिन या तत्त्वज्ञाने युक्तिवादाची रोजच्या व्यवहारातली रचना मांडली, आणि पुढे विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासकांनी ती शाळेत आणली. अमेरिकेतल्या शाळांत दावा, पुरावा, कारणमीमांसा असे तीन रकाने आता सर्रास भरून घेतात. रकान्यांची मला थोडी भीती वाटते. आपल्याकडे कोणत्याही रकान्याचं गाईड निघायला एक वर्ष पुरतं.

जवळचा आणि मोठा अनुभव मध्य प्रदेशातल्या होशंगाबादचा. आताच्या नर्मदापुरम जिल्ह्यात 1972 साली किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी 16 माध्यमिक शाळांत, म्हणजे नेमक्या सहावी ते आठवीत, प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. 1978 मध्ये कार्यक्रम जिल्ह्यातल्या सगळ्या माध्यमिक शाळांत गेला, 1982 मध्ये त्यातूनच ‘एकलव्य’ ही संस्था उभी राहिली, आणि 2002 मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. त्यांच्या ‘बालवैज्ञानिक’ या पुस्तकांत उत्तरं नव्हती. प्रयोग होते, प्रश्न होते, आणि चौघांच्या गटाने स्वतः काढलेले आकडे घेऊन सगळ्या वर्गाने बोलायचं होतं. परीक्षेला पुस्तक उघडून बसता येई. उत्तरं नसलेलं पुस्तक उघडून तरी काय मिळणार, हा त्यातला खट्याळपणा मला फार भावतो. पुण्याचे अरविंद गुप्ता सत्तरच्या दशकात तिथे गेले आणि काडेपेटीच्या काड्या नि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे सांधे यांची खेळणी घेऊन आले. ती खेळणी आपल्याकडे घरोघरी पोचली. वर्गाने मिळून आकड्यांवर बोलायचं, हा भाग तेवढ्या सहज पोचला नाही. खेळणं पिशवीत घालून नेता येतं. चर्चा करायला शिक्षकाला वेळापत्रकातले तीन तास सोडावे लागतात.

शिक्षकांच्या अडचणी मी जाणते. पन्नास मुलं, अपुरा पोर्शन, आणि शेजारच्या वर्गातून येणारी ‘तुमच्या वर्गात फार गोंगाट असतो’ ही तक्रार. पण सर्वांत कठीण अडचण वेगळीच आहे. आपल्या घरांत ‘वाद घालू नकोस’, ‘उलट बोलू नकोस’ हे संस्कार म्हणून शिकवतात. मुलीने तीन मेणबत्त्यांचा प्रश्न विचारला तेव्हा तिचा आवाज खाली गेला होता. तिला वाटत होतं की ती मला उलट बोलतेय. म्हणून आमच्या वर्गात हरकत माणसावर घ्यायची नाही, ‘ज्याअर्थी’वर घ्यायची असा नियम झाला. ‘तू चुकलास’ ऐवजी ‘तुझ्या ज्याअर्थीतून दुसरंही त्याअर्थी निघतं’ असं म्हणायचं. ऐकायला विचित्र वाटतं, पण बाईंनाही तसं म्हणता येतं हा त्यातला मोठा फायदा.

हे शाळेपुरतं राहत नाही हे उघड आहे. 21 सप्टेंबर 1995 ला गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या. चमच्यातलं दूध कमी होत होतं हे खोटं नव्हतं. लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पुरावा खरा होता, त्यावरून मारलेली उडी चुकली. दूध रंगीत करून पाहिलं तेव्हा पृष्ठताणामुळे ओढलं गेलेलं दूध पातळ थराने मूर्तीवरून ओघळताना दिसलं. आज फोनवर येणारा ‘पिंपळ रात्रीसुद्धा ऑक्सिजन देतो’ हा संदेश त्याहून अवघड आहे, कारण तिथे पाहायला चमचासुद्धा नसतो. तो पाठ पुस्तकात शेवटी आहे. मुलांना त्यात मोठ्यांना, बहुधा स्वतःच्या काकांना, सभ्य शब्दांत प्रश्न विचारायचा आहे.

पुस्तकात एकूण बारा पाठ आहेत. प्रत्येकात साहित्य घरातलं किंवा शाळेच्या आवारातलं. प्रत्येक पाठानंतर मुलांनी केलेले दोनतीन युक्तिवाद जसेच्या तसे दिले आहेत, चुकीचेसुद्धा. ते दुरुस्त करून छापावेत असा आग्रह झाला होता, मी मानला नाही. पाठाच्या शेवटी ‘बरोबर उत्तर’ छापलेलं नाही. मुलं “बाई, खरं काय ते सांगा ना” म्हणणारच. मेणबत्तीच्या पाठात ते मी सांगते, पण तिसऱ्या तासाच्या शेवटी.

पाठांचा क्रम सोयीचा आहे, सक्तीचा नाही. पहिल्या पाठाला एक काठी, एक दोरी, एक दगड आणि सकाळी अकरा ते दुपारी दोनपर्यंतचं स्वच्छ ऊन लागतं. जून-जुलैत ते मिळणार नाही, तेव्हा दिवाळीनंतर घ्यावा. तोवर मेणबत्तीपासून सुरुवात करावी, आणि पेले काचेचेच घ्यावेत.